सीट कुठं होती

"पण आधी कुठं होती?"

"काय कुठं होती, चाचा?"

"सीट. तू बटण दाबायच्या आधी."

दिग्विजय हसला. सकाळपासून ज्या सीटशी त्याची झटापट चालली होती, ती आता गाडीविना, नुसत्या लोखंडी चौकटीवर, मुकाट पुढंमागं सरकत होती. आणि म्हातारा विचारतोय, कुठं होती!

हसनचाचा शिकलगार म्हणजे शिरोलीच्या भंगारबाजारातले जुने उस्ताद. गाडी मोडीत निघाली तरी तिची विजेवरची सीट त्यांच्या हाताखाली पुन्हा चालू लागायची. मागं एका सलूनवाल्याला त्यांनी अशीच एक जोडून दिली, तर गिऱ्हाइकं दाढी झाल्यावरही उठेनात. शेवटी त्या बिचाऱ्यानं बटणावर चिकटपट्टी मारली. दिग्विजय चाचांकडंच तयार झालेला. आता आपण त्यांच्याही पुढं गेलो असं त्याचं मत होतं, आणि ते तो फारसं लपवत नसे.

"एअरबॅगच्या पिवळ्या प्लगला हात लावला नाही. बॅटरीवरून थेट दोन वायरी दिल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवून बघितली. तुम्हीच शिकवलंय ना?"

"शिकवलंय खरं..."

दारात रिक्षा थांबली होती.

उतरल्या त्या पद्मावतीबाई मगदूम. फोनवर त्यांनी एवढंच म्हटलं होतं, आमच्या गाडीतली चालवणाऱ्याची सीट मला पाहिजे. दिग्विजयनं आपल्या मनानं ठरवून टाकलं होतं, कंबरदुखीची बाई, आरामखुर्ची करायची असणार.

"या मावशी, बसा! बटण दाबा, राणीसारखी मागं जाते."

बाई बसल्या नाहीत.

"ही... इतकी पुढं?"

"पाहिजे तिथं येते की. हे बघा."

सीट गुरगुरत मागं गेली, पुन्हा पुढं आली.

"असं नको होतं रे बाळ." बाईंचा आवाज अगदी बारीक झाला. "माझ्या सन्मतीनं लावली होती, तशीच हवी होती. गाडी घाटात दरीत गेली तेव्हा होती, तशी. शेवटची त्यानंच सरकवलेली."

दिग्विजयचं बोट बटणावरून निघालं.

"तुम्ही आधी सांगितलं असतं तर..."

चाचांनी नुसतं बघितलं.

"अक्का," चाचा म्हणाले, "तुम्ही गाडीत कुठं बसायचा?"

"त्याच्या मागं. उंच होता ना, पाय मावायचे नाहीत त्याचे. सीट इतकी मागं घ्यायचा की माझ्या गुडघ्यांना लागायची. मी ओरडले की म्हणायचा, आई, गुडघे घरी ठेवून येत जा."

बाई हसल्या. ते हसू तसंच तोंडावर राहून गेलं...

चाचांनी भिंतीकडंचं बाकडं ओढून सीटच्या मागं ठेवलं.

"बसा."

त्या बसल्या. पदर सावरला, गुडघे जुळवले. सीट आणि गुडघे यांच्यात बरंच अंतर होतं.

"चाचा, बाकडंच पुढं सरकवू का? पटकन टेकेल."

"त्यांना हलवू नकोस. त्याला येऊ दे."

दिग्विजयनं बटण दाबलं. मोटर कण्हल्यासारखी वाजायला लागली. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"ये... अजून थोडा मागं ये."

सीट येत राहिली.

"ये राजा..."

पाठ गुडघ्यांना टेकली.

"बास."

मोटर थांबली. बाहेर कुणीतरी पत्रा कापत होतं, तेवढाच आवाज. बाईंनी गुडघ्यानं सीटच्या पाठीला अलगद ढोसलं.

"वळणावर सावकाश रे," त्या म्हणाल्या.

...

आपल्या हातून गेलं ते भरून कसं द्यावं, हे दिग्विजयला कळेना. त्याच्याजवळ होतं तेच तो देऊ लागला.

"मावशी, बॅटरीपण सोबत देतो. घरी तुम्हाला वाटेल तेव्हा..."

"दिग्या," चाचा म्हणाले, "वायर काढ."