मास्तरांचा फिंगरबोर्ड

“म्हणजे नक्की काय राहिलंय, मास्तर?”

इनास बार्देस्कर मास्तर पुढे वाकले. त्यांची बेस गिटार मांडीवर आडवी होती, चारही तारा काढलेल्या. मानेवरच्या शिसवी फिंगरबोर्डवर, जिथे वाजवणाऱ्याची बोटं फिरतात, तिथे त्यांनी अंगठा टेकवला. मग तोच अंगठा बाकावरच्या जुन्या कॅलेंडरच्या पानावर पुसला.

“पुन्हा,” ते म्हणाले.

ऋतुजा कुराडेने गिटार उचलली आणि पायरीवर जाऊन बसली.

मास्तरांनी एकतीस वर्षं एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवला होता. गेल्या वर्षी डाव्या हाताची बोटं आखडली. तुमच्या जागी कोण ते तुम्हीच सांगा, असं मालकाने त्यांच्यावर सोपवलं होतं. आज संध्याकाळपर्यंत नाव कळवायचं होतं.

नावं दोनच होती. एक ऋतुजा, एम. एस्सी. करून परत आजऱ्याला आलेली, दोन वर्षं मास्तरांकडे शिकणारी. दुसरा आंतोन, मास्तरांचा भाचा.

सकाळी ती वाजवून दाखवायच्या तयारीने आली होती. मास्तरांनी वाजवायला सांगितलंच नाही. स्वतःची गिटार पुढे केली आणि म्हणाले, “फिंगरबोर्ड साफ कर.”

तिने केला. आधी तारांखालचे पिकअप, आवाज टिपणारे, टेपने झाकले, कारण स्टील वुलचा चुरा त्यातल्या लोहचुंबकाला चिकटतो. मग स्टील वुल लाकडाच्या रेषेने फिरवलं, आडवं एकदाही नाही. फ्रेटच्या, म्हणजे आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या, कडेला साठलेला मळ दातकोरणीने काढला. लेमन ऑइल लावलं. पुसलं.

कुणालाही खोट काढता आली नसती.

“पुन्हा,” मास्तर म्हणाले होते.

आता ती दुसऱ्यांदा साफ करायला बसली होती.

या वेळी तिने तेल जरा जास्त घेतलं. फिंगरबोर्ड काळाभोर चमकायला लागला. मास्तरांनी अंगठा टेकवला, कागदाला पुसला.

“पुन्हा.”

“आणखी घासलं तर पलीकडचं दिसेल, मास्तर.”

“दिसू दे.”

खिळ्याला गिटारचा एक चामडी पट्टा लटकत होता. कोरा करकरीत.

“हा कुणाचा?”

“आंतोनचा.”

“नवा दिसतोय.”

“नवाच आहे.”

“जागा मिळायच्या आधीच?”

मास्तरांनी थर्मासमधून कोरा चहा ओतला आणि कप तिच्याकडे सरकवला.

“साखर कमी पडली असेल, बाय.”

ती कपाला शिवली नाही.

“आंतोनलाही हेच करायला लावलंत?”

“काल.”

“त्याला किती वेळा म्हणालात, पुन्हा?”

“एकदाही नाही.”

…

ऋतुजाला आता सगळं दिसलं. नाव आधीच ठरलं होतं. तिला उगाच राबवायचं, शेवटी जमलं नाही म्हणायचं, आणि भाच्याला स्टेजवर चढवायचं. मोठ्या माणसांना नाही म्हणता येत नाही, म्हणून ते माणसाला दमवतात.

तिने तिसऱ्यांदा तेल लावलं, पुसलं, आणून दिलं.

“पुन्हा.”

ती गिटार घेऊन बाहेर पायरीवर आली. फडकं आणि तेलाची बाटली शेजारी ठेवली.

आणि हात लावला नाही.

समोरच्या गिरणीत घनसाळ तांदूळ कांडले जात होते. रस्त्यावर कोंडा उडत होता. ती मोबाइलच्या घड्याळाकडे बघत राहिली. दोनदा हात फडक्याकडे गेला, दोनदा तिने तो मांडीखाली दाबून धरला. म्हाताऱ्याला आज पकडायचंच होतं.

पाऊण तासाने ती आत गेली आणि गिटार मास्तरांच्या मांडीवर ठेवली.

मास्तरांनी अंगठा टेकवला. या वेळी जरा जास्त वेळ. मग कागदाला पुसला.

“झालं,” ते म्हणाले.

“मी काहीच केलं नाही.”

मास्तरांनी गिटार बाजूला ठेवली.

“फडकंसुद्धा लावलं नाही. नुसती बसून होते. तुम्हाला फरक कळतच नाही, मास्तर. सकाळपासून नुसतं नाटक चाललंय.”

मास्तरांनी कॅलेंडरचं पान तिच्यापुढे सरकवलं. पानावर अंगठ्याचे तीन तेलकट डाग होते. एकापेक्षा एक मोठे. त्यातून मागच्या बाजूचे आकडे दिसत होते. शेवटचा अंगठा पुसला होता तिथला कागद कोरडा होता.

तिने बोट लावून पाहिलं.

“तेल मुरायचं होतं…”

“पहिल्यापासून. तू वरून नवं लावत होतीस.”

“हे एका वाक्यात सांगता आलं असतं.”

“आलं असतं.”

“आंतोनला सांगितलंत?”

“सांगितलं. लाव, पूस आणि सोडून दे म्हणालो.”

“त्यालाच का?”

“बहिणीचा मुलगा आहे,” मास्तर म्हणाले. “राहवलं नाही.”

इतकी सरळ कबुली तिला अपेक्षित नव्हती. भांडायला काही उरलं नाही, म्हणून ती आणखीच चिडली.

“मग द्या ना त्याला जागा. मला कशाला बोलावलंत?”

“सोडून दे म्हणालो, तर गडी घड्याळ लावून बसला. तीनदा उठून बघून आला. दोनदा पुसलं.” मास्तर थांबले. “तुला कुणी सांगितलं नव्हतं. तू का थांबलीस?”

“राग आला म्हणून.”

“हात शिवशिवले नाहीत?”

“शिवशिवले.”

“मग?”

“दाबून बसले.”

“बेसवर तेच लागतं. दोन सुरांमध्ये हात आवरणं.”

…

मास्तरांनी फोन उचलला. आखडलेल्या बोटांनी नंबर लावायला वेळ लागला.

“मी इनास. नाव लिहून घ्या… कुराडेंची ऋतुजा… नाही, तो नाही… बहिणीला मी सांगतो. बोलेल ती मला, बोलू दे.”

फोन ठेवून त्यांनी तारांचं पाकीट तिच्या हातात दिलं.

ऋतुजाने ते उघडलं नाही.

“एक खरं सांगा, मास्तर. मी हात लावला नाही हे तुम्हाला अंगठ्यावरून कळलं होतं? की मी सांगितल्यावर तुम्ही हे सगळं जुळवलंत?”

मास्तरांनी उरलेला चहा संपवला. कप उपडा ठेवला.

“शनिवारी गडहिंग्लजला कार्यक्रम आहे,” ते म्हणाले. “तिथे तो पाऊण तास वाजव.”