सोनाराच्या बंडीची धुलाई

एका गावात एक सोनार होता. हात कसबी, पण मन महासंशयी. सख्ख्या बहिणीने दिलेलं नाणंसुद्धा तो दगडावर वाजवून घ्यायचा.

दागिने घासताना सोन्याचा बारीक कीस उडे आणि त्याच्या बंडी-धोतरात अडकून बसे. हे कपडे गावचा म्हातारा परीट धूत असे. इतरांना कपड्यामागे एक आणा, सोनाराला मात्र दोन. कारण सोनाराचे कपडे तो नदीवर नेत नसे. घरीच घंगाळात वेगळे धुई, पाणी दिवसभर निवळू देई आणि तळाचा गाळ पुडीत बांधून कपड्यांबरोबर परत करी. त्यात गुंजभर सोनं निघायचंच.

दुसऱ्या कुणी हात जोडले असते. सोनार मात्र मनात म्हणे, 'हा गुंजभर परत करतो, तर स्वतः किती ठेवत असेल?'

शेवटी एकदा भर आळीत त्याने विचारलंच, "मामा, दोन आणे कशाचे? आणि पुडीत सगळंच देता ना?"

"दोन आणे कष्टाचे, शेठ. आणि निघतं तेवढं सगळं देतो."

"चोर कधी कबूल करतो का?" असं म्हणत सोनाराने कपडे उचलले. म्हाताऱ्याला ते फार लागलं.

शेजारच्या वाडीत एक नवा परीट होता. तो गोड हसून म्हणाला, "शेठ, तुमच्याकडून पैसे कसे घेऊ? फुकट धुईन." सोनार इतका खूश, की गाळाच्या पुडीचं विचारायचंही विसरला! दोन आणे मागणाऱ्यावर संशय आणि फुकट राबणाऱ्यावर विश्वास. अति शहाणा, त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

सहा महिन्यांनी नवा परीट दुकानात आला आणि सोन्याची गोळी पुढे ठेवून म्हणाला, "बायकोला नथ घडवा."

सोनाराने गोळी कसोटीवर घासली. सोनं अस्सल होतं. "कुठून आणलंस रे?"

"तुमच्याच कपड्यांतून, शेठ. पैसे घेत नाही, मग मळ तरी माझाच ना?"

सोनार धावत म्हाताऱ्याकडे गेला. "मामा, चुकलो. चार आणे घ्या, पण कपडे तुम्हीच धुवा."

म्हातारा हलवायाची बंडी पिळत होता. तो म्हणाला, "नको, शेठ. यात तुपाचे डाग असतात फक्त. त्यातलं किती ठेवलं, असं मला कुणी विचारत नाही."

तात्पर्य: संशयापोटी उघड दाम मागणाऱ्या प्रामाणिक माणसाला चोर म्हणू नये. गेलेलं सोनं पुन्हा मिळेल, तो माणूस मिळत नाही.