वाकलेली मावशी

हुंकार देत राहा बरं का, नाहीतर मी थांबेन. तर काय झालं एकदा, पार उंच हिमालयात एक बाई मेंढ्या राखायची. देवली तिचं नाव. तिला एक तान्ही लेक, रुणू. लेकीवर भारी जीव तिचा!

तिथं डोंगरभर देवदाराचं रान. अगदी वर, जिथं झाडं संपतात नि नुसते खडक उरतात, तिथवर. नि एक रीत होती हं तिथली. झाडाखाली काही ठेवलं, तर त्या झाडाला सांगून जायचं. म्हणायचं, “मावशी, लक्ष ठेव गं.”

एक दिवस कोकरू कड्यावर अडकलं नि बें बें करायला लागलं. देवलीनं रुणूची टोपली वरच्या एका झाडाखाली टेकवली नि धूम ठोकली. सांगायचं राहूनच गेलं की!

कोकरू मिळालं. ते खांद्यावर टाकून ती वळली, तर धुकं. हाताला हात दिसेना. मग तडातडा गारा. कुठलं झाड नि कुठली टोपली! 

मग ती चाचपडत एका झाडापाशी गेली. चांगलं उंच, सरळसोट. “मावशी, माझी रुणू?”

“मला नाही बाई कुणी सांगितलं.”

मग दुसऱ्या झाडापाशी. त्याच्या फांद्या काडकाड मोडत होत्या. “मलाच धड उभं राहवेना गं. मला कुठं कुणी सांगितलं?”

त्या मेल्या कोकरापायी माझं बाळ गेलं, असं म्हणत देवली ढसाढसा रडली. ए, तू नको रडूस, ऐक पुढं.

मग हाताला एक झुडूप लागलं. झाड नव्हेच, म्हणून ती पुढं निघाली. तेवढ्यात झुडपातून आवाज आला, “ट्यॅहां!”

अगं बाई! ते झाडच होतं. कोंबडी पिल्लांवर बसते तसं टोपलीवर वाकून बसलं होतं. पाठीवर गारांचा खच, नि खाली रुणू कोरडी ठणठणीत.

“मावशी, मी तर तुला सांगितलंच नव्हतं!”

“बाळ रडलं ना. मग आणखी काय सांगायचं?”

“आता ऊठ की मग.”

“नको गं. पुन्हा कुणी घाईत विसरलं तर?”

म्हणून त्या उंचावरची झाडं अजून तशीच वाकलेली. देवली नि रुणू सुखानं राहिल्या, कोकरूसुद्धा.

चला, मिटा डोळे. मी आहे इथंच बसलेली. मला सांगायला नको.