चिखल न लावलेला चेहरा

डोंगरांना अजून कुणी नावं दिली नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरा कान देऊन ऐकावी. कारण यातली चूक लहानांची नाही.

एका डोंगराच्या दोन अंगांना दोन राज्यं होती, एक उगवतीचं आणि एक मावळतीचं. डोंगराच्या माथ्यावर झरा होता आणि झऱ्याच्या तोंडाशी एक मोठी शिळा. शिळा इकडे लोटली की पाणी उगवतीला उतरायचं, तिकडे लोटली की मावळतीला. या पाण्यासाठी दोन्हीकडच्या पुरुषांनी एकमेकांना इतकं मारलं, की शेवटी शिळा लोटायला धड हात उरले नाहीत.

मग दोन्हीकडच्या बायका माथ्यावर जमल्या. त्यांनी ठरवलं, यापुढे लढाई नाही, खेळ. दोन्हीकडच्या पाच-पाच पोरी, एक कातड्याचा चेंडू, आणि मैदानाच्या दोन्ही टोकांना उंच खांबावर टांगलेलं वेताचं एकेक कडं. समोरच्यांच्या कड्यातून जे जास्त वेळा चेंडू टाकतील, त्यांचं पाणी. आणि पुढचा खेळ कधी? तर खेळाच्या दिवशी जन्मलेली मुलगी खेळायच्या वयाची होईल तेव्हा.

म्हणजे एक खेळ हरला, की एक अख्खी पिढी तहानेली.

मागचा खेळ मावळतीने जिंकला होता. त्या राज्यात खेळाडू निवडायची एक रीत होती. तळ्याकाठी सगळ्या पोरी जमायच्या, सारखंच जाडंभरडं लुगडं कासोट्याने नेसायच्या, तळ्यातला चिखल तोंडाला फासायच्या आणि आपापसांत खेळायच्या. कोण पाटलाची, कोण गुराख्याची, कोण गोरी, कोण सावळी, काही कळायचं नाही. फार पूर्वीच्या एका खेळात खेळलेली एक म्हातारी खांबाशी बसून फक्त खेळ बघायची. चेंडू झेलून झेलून तिची बोटं वाकडी झाली होती. सगळे तिला थोरल्या आई म्हणत. तिने पाचजणी निवडल्या, की त्या तळ्यात उतरून तोंड धूत, आणि तेव्हा कुठे राज्याला कळायचं की आपल्या पोरी कोण.

त्या राज्यात हंसा नावाची एक मुलगी होती. जत्रेतल्या एका खेळात तिने मैदानाच्या मधूनच, मागे न बघता, खांद्यावरून चेंडू फेकला आणि तो थेट कड्यात पडला. झालं! त्या एका फेकीने लोक वेडे झाले. पोरी हंसासारखी एका बाजूला वेणी घालू लागल्या. कुंभारणी मडक्यांवर तिचं चित्र काढू लागल्या.

“घ्या हो, हंसाचं मडकं घ्या!” बाजारात कुंभारीण ओरडायची. “साधं कशाला नेता, त्याला पाणी तरी कुणी विचारतं का?”

हंसाला पालखीत घालून गावोगाव नेलं जाई. प्रत्येक गावात तीच एक मागणी, ती फेक दाखव. समोर अडवणारं कुणी नसायचं. पडला चेंडू तर टाळ्या, नाही पडला तरी टाळ्या. ती बिचारी फेकत राहिली, आणि बाकीचा खेळ तिच्या हातातून हळूहळू निघून गेला. हे फक्त तिला ठाऊक होतं.

धुरपी नावाची दुसरी एक मुलगी होती. तिचं गाव पाटाच्या अगदी शेवटाला. सगळ्यांची शेतं, सगळ्यांची गुरं भागली, की उरलंसुरलं पाणी तिथे पोचायचं. धुरपी उंच होती, सावळी होती, आणि आपल्या कड्याखाली उभी राहिली की चेंडूला वाट मिळायची नाही. अडवलेला चेंडू ती अशी लांब फेकायची, की जी मोकळी असेल तिच्या हातात तो आपसूक जाऊन पडायचा. तिच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. जे घडलंच नाही, त्याला टाळ्या कशा वाजणार?

निवडीचा दिवस आला. त्या वर्षी तळ्याकाठी मुंगीला शिरायलाही जागा नव्हती. हंसा वाकली, तिने ओंजळभर चिखल उचलला, आणि गर्दीतून आरोळी उठली.

“ए, हंसाला चिखल नको!”

“आम्ही काय चिखलाची थोबाडं बघायला डोंगर चढून आलो?”

“आणि ती लांबडी बघा!” एकजण धुरपीकडे बोट दाखवून म्हणाला. “तिने लावला काय नि नाही लावला काय, सारखंच!”

लोक हसले. धुरपीने मान खाली घातली आणि चिखल जरा जास्तच चोपडला.

राजा तरुण होता, नवा होता. गर्दी खूश असली की तो खूश असायचा. तो थोरल्या आईंजवळ आला आणि म्हणाला, “एकच चेहरा राहू द्या की मोकळा. लोकांच्या मनासारखं होईल. बाकी रीत तीच. एका चेहऱ्याने काय बिघडतंय?”

थोरल्या आईंनी गर्दीकडे पाहिलं. इतके उघडे जबडे त्यांनी एका जागी कधी पाहिले नव्हते. नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि तोंडून निघालं, “बरं.”

हंसाने ओंजळीतला चिखल परत तळ्यात सोडला.

निवडीचा खेळ सुरू झाला. सगळे चेहरे मातीचे, आणि त्यात एक चेहरा लख्ख. मग डोळे दुसरीकडे जाणार कसे? चेंडू हंसाकडे गेला की डोंगर दणाणायचा, म्हणून पोरीही चेंडू तिच्याकडेच देऊ लागल्या. ती चुकली की लोक म्हणायचे, “ऊन डोळ्यांत गेलं असेल.” एका चिखलाच्या चेहऱ्याने आपल्या कड्याखाली चेंडूमागून चेंडू परतवले, तेव्हा लोक म्हणायचे, “ही मधेमधे का येते?”

चौघी ठरल्या. पाचवी जागा उरली. तेवढ्यात हंसा धापा टाकत खांबामागे आली आणि थोरल्या आईंच्या पायाशी बसली.

“थोरल्या आई, मला नका घेऊ.”

“काय गं बोलतेस हे?”

“माझे हात गेलेत. मला ती एकच फेक येते आता, आणि तीही कुणी अडवत नसलं तर. त्या कड्याखालच्या मुलीला घ्या. तुम्ही पाहिलंत ना तिला? तुम्ही तरी पाहिलंच असेल!”

थोरल्या आईंनी पाहिलं होतं. त्यांच्या वाकड्या बोटांनाही ते कळलं होतं. पण पलीकडे हंसाच्या नावाचा एकच घोष चालला होता, आणि राजा त्यांच्याकडे बघून हसत होता.

“पोरी,” त्या हळूच म्हणाल्या, “आता तुला वगळलं तर हे लोक मला जिवंत ठेवतील का? आणि तुला? पाचातली एक जागा. बाकीच्या चौघी सांभाळून घेतील.”

त्यांनी हंसाचा हात धरून वर उचलला. झाडांवरचे पक्षी उडून गेले, एवढा आवाज झाला.

धुरपी एकटीच तळ्यात उतरली आणि तोंड धुऊन घरी गेली. आईने विचारलं, “झाली का गं निवड?” ती म्हणाली, “झाली.” पाटाला पाणी यायची वेळ होती. दोघी घागरी घेऊन निघाल्या.

मग खेळाचा दिवस उजाडला. मावळतीचं सगळं राज्य माथ्यावर लोटलं. धुरपीही आली, मैदानाभोवतीच्या दोरीच्या अलीकडे उभी राहिली.

उगवतीच्या पोरी हुशार होत्या. हंसाची मडकी त्यांच्याही बाजारात गेली होती, ती फेक त्यांना पाठ होती. दोघीजणी हंसाच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या, आणि तिला वळताही येईना. मावळतीच्या कड्याखाली तर कुणीच नव्हतं. तिथे चेंडू येत राहिला आणि पडत राहिला. प्रत्येक वेळी दोरीच्या अलीकडे धुरपीचे हात नकळत वर जायचे आणि रिकामेच खाली यायचे.

तरी उरलेल्या चौघींनी जीव तोडून बरोबरी साधली. सूर्य डोंगराला टेकला. तो बुडाला की खेळ संपणार. अशात चेंडू हंसाच्या हाती आला. समोरच्यांच्या कड्याखाली तिची सोबतीण मोकळी उभी होती, हात पसरून. नुसता द्यायचा होता.

“फेक! हंसा, फेक!” सगळं राज्य ओरडलं.

हंसा दचकली. इतकी वर्षं ज्या आवाजासाठी तिचे हात हलले, त्यासाठीच ते आताही हलले. तिने मागे न बघता खांद्यावरून चेंडू फेकला. चेंडू कड्याच्या काठावर आपटला आणि बाहेर पडला. उगवतीच्या पोरीने तो उचलला, धावली, रिकाम्या जागेतून धावली, आणि कड्यात टाकला.

सूर्य बुडाला. शिळा लोटली गेली. पाणी दुसऱ्या अंगाने वाहू लागलं, आणि त्याचा आवाजसुद्धा लांब गेला.

मग कुणीतरी हंसाचं मडकं तिच्या पायाशी फोडलं. उतरताना तळं लागलं, तेव्हा त्यांनी हंसाला ओढत काठावर नेलं आणि तिच्या तोंडाला चिखल फासला. तिच्या चेहऱ्याला चिखल लागू नये म्हणून जे ओरडले होते, तेच हे हात होते. थोरल्या आई आडव्या आल्या, तर त्यांना कुणीतरी ढकललं. त्या पडल्या, त्या पुन्हा उठल्या नाहीत. राजा तोवर वाड्यावर पोचला होता.

धुरपीचं गाव सगळ्यात आधी ओसाड झालं. पाटाच्या शेवटाला होतं ना. म्हातारी माणसं मागे राहिली, आणि मग तीही राहिली नाहीत. धुरपीने आईला पाठीवर घेतलं आणि वाट धरली. त्या दोघी कुठे पोचल्या का, हे कुणालाच माहीत नाही.

खेळाच्या दिवशी जन्मलेली मुलगी खेळायच्या वयाची झाली. पुन्हा पोरी तळ्याकाठी जमल्या. पण तळ्यात चिखल उरला नव्हता, नुसती भेगाळलेली धूळ होती. पोरींनी तीच ओंजळीने उचलून तोंडाला लावली. ती टिकेना. घामाचे ओघळ आले, आणि धुळीखालून एकेक चेहरा दिसू लागला.

त्यातली एक दिसायला फार देखणी होती. गर्दीतून कुणीतरी तिचं नाव घेतलं. मग आणखी कुणीतरी. मग सगळ्यांनी.

दूर, वठलेल्या झाडाखाली बसलेल्या, कधीकाळी हाच घोष स्वतःच्या नावाने ऐकलेल्या एका बाईने दचकून पदर तोंडावर ओढला आणि दोन्ही कान घट्ट झाकून घेतले.

तात्पर्य: निवडताना ज्यांनी नावाकडे पाहिलं आणि हातांकडे पाहिलं नाही, त्यांनी लायकाची जागा हिरावली, लाडक्याचं आयुष्य नासवलं आणि स्वतःच्या लेकरांचं पाणीही घालवलं.