नावाड्याची दोन छायाचित्रे

खाडीच्या काठी वसलेल्या एका गावात एक शिंपी राहत होता. पोटासाठी तो कपडे शिवी आणि हौसेखातर माणसांची छायाचित्रे काढी. चार भिंतींत बसवून काढलेला चेहरा त्याला निर्जीव वाटे. म्हणून तो माणसांना अंगणात, बांधावर, बंदरावर नेई आणि भर दुपारी सूर्याकडे तोंड करून उभे करी. ऊन जितके अधिक, तितका चेहरा उजळ, अशी त्याची ठाम समजूत होती.

गावात अशी हौस असलेले आणखीही काही जण होते. बाजाराच्या दिवशी ते पिंपळाच्या पारावर जमत. ज्याची पाळी असेल त्याने आपली छायाचित्रे दोरीवर लावायची आणि सर्वांना ओल्या नारळाचे पोहे खाऊ घालायचे, अशी प्रथा होती. पोहे आधी, छायाचित्रे नंतर. साहजिकच खाल्ल्या मिठाला जागून सगळे "वा! फक्कड!" म्हणत, आणि आपापल्या पाळीला तेच ऐकून घरी जात. या प्रथेने कोणाचे मन कधी दुखावले नव्हते. कोणाचे छायाचित्र सुधारलेही नव्हते.

एकदा शिंप्याची पाळी आली. गावाच्या तरीवर, म्हणजे होडीने खाडी ओलांडायच्या जागी, आयुष्यभर होडी वल्हवणाऱ्या म्हाताऱ्या नावाड्याचे छायाचित्र त्याने मोठ्या उमेदीने लावले. वाहवा चालू असतानाच गावात नव्याने आलेली वैद्यबाई पुढे झाली. तिलाही हीच हौस होती. तिची नजर तयार होती. जीभ मात्र तिखट होती.

"हा नावाडी आहे की कुंडी?" ती म्हणाली. "डोक्यातून माड उगवलाय! आणि डोळे असे मिटलेत, जणू आत्ताच कडू काढा प्यायलाय."

पारावर हशा पिकला. मघाशी 'वा' म्हणणारे तर सर्वांत मोठ्याने हसले. शिंप्याने मुकाट्याने दोरी सोडली, घरी जाऊन कॅमेरा पेटीत ठेवला आणि पेटीवर कापडाचे गठ्ठे रचले. त्यानंतर तो पारावर फिरकला नाही.

पुढे एके दिवशी गावात बातमी आली की नावाडी हात थकल्यामुळे मुलीच्या गावी कायमचा राहायला निघाला आहे. दुसऱ्या दिवशीच्या भरतीला तो जाणार होता. तरीवरच्या धर्मशाळेत लोक होडीची वाट पाहत बसत. तेथे त्याचे छायाचित्र लावावे, असे गावाने ठरवले. ते गावात एकट्या शिंप्याकडेच होते.

"तेच लाव रे," पारावरचे मित्र म्हणाले. "त्या बाईला काय कळतंय? फक्कड आहे तुझा फोटो."

शिंप्याने छायाचित्र बाहेर काढले. माडावर बोट ठेवून पाहिले, तर नावाड्याचे डोके प्रथमच नीट दिसले. मग त्याने डोळ्यांवर बोट ठेवले. ते मिटलेलेच, त्यामुळे बोट ठेवले काय, न ठेवले काय, काहीच फरक पडला नाही. मान खाली घालून तो तसाच वैद्यबाईच्या दारी गेला.

"या शिंपीदादा," ती म्हणाली. "आज पोहे नाहीत वाटतं?"

"नाहीत. आज खरं ऐकायला आलोय. पण बाई, एक विचारू? खोकला घेऊन आलेल्या माणसाला तुम्ही 'काय घाणेरडा खोकतोस' म्हणून हाकलून देता का?"

वैद्यबाईने हातातला खल बाजूला ठेवला. "नाही. औषध देते. तुम्हाला मात्र नुसता रोग सांगितला, तोही चारचौघांत. चुकलंच माझं." मग किंचित हसून म्हणाली, "पण दादा, तुम्ही कॅमेऱ्याच्या पेटीवर गठ्ठे रचलेत म्हणे. माझा रोगी असा रुसून बसत नाही हो."

शिंपीही हसला. तिने छायाचित्र उजेडात धरले आणि या वेळी आधी विचारले, "तुम्हाला यात काय दाखवायचं होतं?"

"पलीकडच्या काठावरून कोणी हाक दिली की आपला नावाडीबाबा मान वळवून बघतो ना, ते. त्याने एकदा पाहिलं की हाक मारणारा निश्चिंत होतो."

"मग वल्ह्यावर विसावलेले हे हात झकास आहेत, ते सोडू नका. पण ज्या नजरेसाठी खटाटोप केलात, तीच उन्हाने मिटवलीय. त्याला होडीच्या खोपीत, सावलीच्या कडेला बसवा, तोंड पाण्याकडे. पाण्यावरचा उजेड चेहऱ्यावर मऊ येईल. आणि तुम्ही जरा बाजूला सरका. माड आपोआप डोक्यामागून निघून जाईल. ती मळकी टोपी तेवढी काढायला सांगा."

शिंप्याने विचार केला. "बाकी सगळं करतो. टोपी राहू दे. टोपीवाचून बाबाला कोणी ओळखायचं नाही."

"मग राहू दे," ती म्हणाली. "माणूस तुमच्या ओळखीचा आहे."

दोघे तरीवर गेले. नावाडी खोपीत आपली वल्ही पुसत होता.

"परत फोटो?" तो म्हणाला. "मागच्या खेपेला उन्हाने डोळ्यांतून पाणी काढलंस रे बाबा!"

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुझ्या फोटोंना सगळे वा वा करायचे. म्हटलं, फोटो असेच रडत काढायचे असतील."

शिंप्याने त्याला सावलीच्या कडेला बसवले, स्वतः बाजूला सरकला आणि थांबला. घाई केली नाही. बऱ्याच वेळाने पलीकडून कोणीतरी "ए होऽऽ!" अशी हाक दिली. नावाड्याने मान वळवली, आणि शिंप्याने तो क्षण टिपला.

नावाड्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर स्वतःला पाहिले. मग हळूच म्हणाला, "म्हणजे लोकांना मी असा दिसायचो होय?"

दुसऱ्या दिवशी भरतीबरोबर तो गेला. छायाचित्र धर्मशाळेत लागले.

पावसाळा उलटल्यावर एक परगावची बाई लहान मुलीला घेऊन तेथे होडीची वाट पाहत बसली होती. पैलतीरावर हालचाल नव्हती, अंधारून येत होते. आईचा जीव वरखाली होऊ लागला. मुलगी मात्र भिंतीकडे पाहत होती.

"आई, घाबरू नकोस," ती म्हणाली. "त्या आजोबांनी आपल्याला बघितलंय. आता होडी येईल."

तात्पर्य: तोंडदेखल्या स्तुतीने कला खुंटते आणि नुसत्या टवाळीने हात थांबतो, म्हणून दोष दाखवणाऱ्याने उपायही दाखवावा, आणि ऐकणाऱ्याने रुसवा सोडून त्यातले पटेल ते घ्यावे.