माडीवरची कुंडी

धारराव सरदारांच्या माडीवरून रांजणाएवढी कुंडी पडली (बरं, घागरीएवढी धरा!) आणि सगुणा कासारणीचा हात मोडला. आता बांगड्या कशा भरणार? तिने भरपाई मागितली. पण कायदा असा, की जखमीची तिळाएवढी चूक निघाली तरी दमडी मिळायची नाही.

न्यायसभेत सरदार मिशीतल्या मिशीत हसले. "वर बघून चालायचं ना, बाई!"

न्यायाधीशांनीही मान डोलावली.

सगुणा सरदारांना म्हणाली, "सरकार, माडीखालून मान खाली घालूनच जायचं, हा हुकूम तुमचाच. वर बघायची मुभा आत्ता दवंडी पिटून द्या, मी दावा सोडते."

गावभराच्या माना वर होतील, या धास्तीने सरदारांनी मुकाट्याने भरपाई कबूल केली.

सगुणा माडीखालून परतली, ती मान खाली घालूनच. त्यामुळे तिचं हसू वरून कुणाला दिसलं नाही.