नाकारलेलं गूळपाणी

खूप जुन्या काळची गोष्ट. तेव्हा डोंगरावर जायला नुसती पायवाट होती, आणि पाहुणा दुरून दिसला की घरोघरच्या चुली पेटायच्या. आधी हातात गूळपाणी द्यायचं, मग नाव-गाव विचारायचं, अशी रीत होती. काय दिवस होते ते! तुम्ही लहान असा की मोठे, जरा सावरून बसा आणि ऐका.

त्या डोंगरावर एक पाडा होता. एका वर्षी पाड्यात तापाची साथ आली. खाली नदीकाठच्या शहरात ख्रिस्ती मंडळी राहत होती, त्यांच्या कानावर हे गेलं. प्रभूच्या नावाने सेवा करावी म्हणून त्यांच्यातले काही जण औषधं घेऊन डोंगर चढू लागले. पुढारी होते याकोबराव. माणूस मनाने सोन्यासारखा, पण एकदा ठरवलं की ठरवलं! वाटेत त्यांनी सगळ्यांना बजावलं, "त्या गरिबांवर आपला भार पडता कामा नये. घोटभर पाणीसुद्धा घ्यायचं नाही. आपण द्यायला चाललोय, घ्यायला नाही."

ऐकायला किती छान वाटतं, नाही?

पाड्याच्या तोंडाशी बायका स्वागताला उभ्या होत्या. बुधी नावाच्या एका तरुण आईने पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा पुढे केला. तिच्या घरात तेवढाच गूळ उरला होता. याकोबरावांनी हसून हात जोडले. "राहू द्या बाई, आमचं पाणी आमच्याबरोबर आहे," असं म्हणून ते सगळ्यांदेखत आपल्या घागरीतलं पाणी प्यायले. बुधी तांब्या घेऊन तशीच परत गेली.

मंडळींनी चिंचेखाली औषधं मांडली. कुणीही तिकडे फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. याकोबराव दारोदार हिंडले, पण लोक आत निघून जात. त्यातच पाड्यातला एक म्हातारा तापाने गेला. त्याच्या बायकोचं रडणं चिंचेखालपर्यंत ऐकू येत होतं. याकोबरावांना अन्न गोड लागेना. "काय हे लोक!" ते वैतागून म्हणाले. "औषध दारात आलंय आणि हे घेत नाहीत!"

मार्थाबाई त्या मंडळींत वयाने सगळ्यांत मोठ्या. त्या म्हणाल्या, "का घेत नाहीत, हे आपण त्यांना विचारलंय का, याकोबराव?" आणि उठून त्या बुधीच्या झोपडीकडे गेल्या.

बुधीची लेक तापाने फणफणली होती. बुधी तिच्या कपाळावर ओली चिंधी ठेवत होती. मार्थाबाईंनी चपला बाहेर काढल्या आणि त्या सारवलेल्या जमिनीवर बसल्या.

"तहान लागलीय गं. पाणी देशील?"

"आता कशाला?" बुधी वर न बघता म्हणाली. "तुमचं पानी सरलं का?"

"सरलं नाही. पण त्या दिवशी तुझ्या हातचं घ्यायला हवं होतं. आमचं चुकलं."

तेव्हा कुठे बुधीला कंठ फुटला. "खालच्या गावात आमच्या हातचं पानी कोनी घेत नाय, बाई. आमाला वाटलं, तुमी देवाची मानसं, तुमी तरी घ्याल. तुमी पन नाय घेतलं. मंग तुमच्या हातचं औषध माझ्या पोरीच्या तोंडात कसं घालू?"

मार्थाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी याकोबरावांना बोलावून घेतलं आणि बुधीचं म्हणणं सांगितलं. ते ऐकून याकोबरावांचा चेहरा खर्रकन उतरला.

"मला तुमच्यावर भार टाकायचा नव्हता, बाई," ते कसेबसे म्हणाले.

"पाहुन्याचा कुनाला भार व्हतोय?" बुधी म्हणाली आणि तांब्या भरायला उठली.

याकोबराव खाली बसले. दोघांनीही ओंजळीने पाणी घेतलं, गूळ तोंडात टाकला. मग बुधीने लेकीचं डोकं मांडीवर घेतलं आणि औषधासाठी स्वतःच्या हाताने तिचं तोंड उघडलं.

उन्हं कलायच्या आत सगळा पाडा चिंचेखाली लोटला. पोरीचा ताप उतरला, पुढे साथही हटली. तोवर मंडळी पाड्यातच राहिली. लोकांच्या चुलीवरची पेज प्यायली, अंगणात बसून त्यांची गाणी ऐकली आणि कुणी आग्रह केला तर आपलीही म्हटली. आठवलं की अजून जीव हळवा होतो. तशी अंगणं आता कुठे राहिली!

निघायच्या दिवशी याकोबराव एकटेच त्या गेलेल्या म्हाताऱ्याच्या घरी गेले. त्याची बायको चुलीपाशी बसली होती.

"आजी, मी पहिल्याच दिवशी पाणी घेतलं असतं, तर बाबांना औषध वेळेवर मिळालं असतं. मला क्षमा करा."

म्हातारीने तव्यावरची नाचणीची भाकरी काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"समद्यांच्या घरी जेवलास," ती म्हणाली. "माझ्याच घरी नाय आलास. बस. जेवून जा."

याकोबराव जेवायला बसले. त्यांनी भाकरीचा तुकडासुद्धा टाकला नाही.

तात्पर्य: ज्याला दुसऱ्याच्या हातचं मानाने घेता येत नाही, त्याचं देणं कुणापर्यंत पोहोचत नाही.